आईच्या आवाजाची कॅसेट, आणि बाकीची पत्रं

गणपतीची चवथ झाली की माझ्याकडे पत्रांची संख्या वाढते. त्याचं कारण मला कळून चुकलंय. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेणारं आपलं गोवं. चवथीच्या आधी घर झाडायला काढलं, कपाटं उघडली, की आत काय काय सापडतं. बुरशी चढलेल्या कॅसेटी, चिकटलेले फोटो, गंजलेले सेल फुटलेला रेडिओ. मग लोकांना मी आठवतो. फोंड्याच्या बाजारात चौतीस वर्षं रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त केले. दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, पण विचारणारे थांबले नाहीत, आणि मलाही ते थांबायला नको आहेत. या वेळी आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. यंत्राची आहेत तशी घरातलीही आहेत.

काका, चोडणच्या फेरीबोटीत चढताना मोबाइल खिशातून निसटून पाण्यात पडला. एकाने लगेच काढून दिला. घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. उद्या चार्जिंगला लावून बघू का?
(कॉलेजचा विद्यार्थी, चोडण)

तुला फोन करून त्याच दिवशी 'नको' म्हणून सांगितलं होतं. इथे बाकीच्यांसाठी लिहितो, कारण दर पावसात हाच प्रश्न येतो.

ओल्या फोनमध्ये वीज सोडणं हीच त्याला मारण्याची सगळ्यात खात्रीची रीत. नुसतं पाणी तितकं वाईट नसतं. पाणी, मीठ आणि वीज एकत्र आली की आतलं तांबं खायला सुरुवात होते, आणि चोडणपाशी मांडवी खारी आहे, भरतीचं पाणी तिथून पुष्कळ वर जातं. विहिरीत किंवा पावसात भिजलेला फोन वेगळा आणि नदीत, समुद्रात पडलेला वेगळा. पहिला असेल तर लगेच बंद करा, सिमचा ट्रे बाहेर काढा, पुसा, चार्जिंगचं भोक खाली येईल असा उभा ठेवा आणि दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर राहू द्या. खाऱ्या पाण्यातला मात्र त्याच दिवशी कारागिराकडे न्या. उघडून बॅटरी सोडवायची आणि आतलं बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, एवढं त्याला सांगा. चांगल्या कारागिराला पुढचं सांगावं लागत नाही.

तांदळाचं म्हणाल तर तो डब्यातच बरा. आतलं पाणी तो ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी भोकात जाऊन बसते. ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका असं सांगितलंय. आणि एक चूक मी फार पाहिली आहे. फोन दुसऱ्या दिवशी आपोआप चालू होतो, माणूस सुटलो म्हणतो आणि कारागिराकडे जातच नाही. पंधरा-वीस दिवसांनी हिरवट बुरा धरून तोच फोन कायमचा बंद पडतो. म्हणून चालू झालाच तर आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग तरीही उघडून धुवून घ्या.

माझे वडील निवृत्त शिक्षक, वय ७१. पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. सहा तास ते खोलीत बसून होते. मुदतठेव मोडायला बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीला शंका आली म्हणून पैसे वाचले. पण तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. त्यांच्याशी कसं बोलू?
(एक मुलगी, मडगाव)

पैसे वाचले हे ठीकच, पण तुम्ही पैशाबद्दल विचारलेलं नाही, म्हणून हे पत्र मी दोनदा वाचलं.

माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. बँकेची केवायसी संपलीय म्हणून कुणीतरी फोन केला, तिच्याकडून एक ॲप घालून घेतलं आणि खात्यातून चाळीस हजार गेले. मला कळलं तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "अगं, तू एवढी शिकलेली!" तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. चोराने तिचे पैसे नेले होते, मान मात्र मी घालवली. ते वाक्य आजही माझ्या घशात आहे. म्हणून सांगतो, तुमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं असेल तर त्याने आधी वडिलांपाशी जाऊन माफी मागावी. नसेल उच्चारलं तर यापुढेही उच्चारू नये, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

त्यांना एकदा शांतपणे सांगा की आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक अशी गोष्टच नाही. पोलीस असोत, सीबीआय असो की ईडी, कुणीही माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवू शकत नाही, आणि 'तपासणीसाठी' पैसे दुसऱ्या खात्यात भरा असं सांगत नाही. आणि हेही सांगा की इतके लोक यात सापडले की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये या प्रकाराबद्दल बोलावं लागलं. आपण एकटेच फसलो असं ज्याला वाटतं त्याला ही माहिती औषधासारखी लागू पडते. ही माणसं मूर्खांना शोधत नाहीत. कायद्याला भिणारा, आयुष्यभर सरकारी कागदाचा मान ठेवलेला माणूस त्यांना हवा असतो. तुमचे वडील नेमके तसे आहेत.

तक्रार केली नसेल तर करा, पैसे गेले नसले तरी. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. कुणाचे पैसे गेलेच असतील तर तासाच्या आत तिथे फोन गेला पाहिजे, कारण रक्कम पुढच्या खात्यात पोहोचून काढली जाण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. नुसता संशयास्पद फोन आला असेल तर केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे नोंदवता येतो. ही नोंद वडिलांनाच करू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण बोटं त्यांची असू देत.

फोन मात्र काढून घेऊ नका. बँकेत जाऊन त्यांच्या खात्यावरची रोजची मर्यादा कमी करून घ्या, म्हणजे त्यांनाही धीर येईल. आणि महिना-दीड महिन्याने, त्यांचा चेहरा जरा खुलला की, त्यांना विचारा, "बाबा, वाड्यावरच्या लोकांना हे सांगाल का?" शिक्षक आहेत ते. देवळाच्या सभामंडपात वीस माणसं बसवून ते सहा तास कसे गेले हे त्यांनी सांगितलं तर त्या वीस घरांत चोर शिरणार नाही. पण घाई करू नका. त्यांनी 'नाही' म्हटलं तर तो विषय तिथेच सोडा.

दोन वर्षांत दोनदा राउटर जळला, दोन्ही वेळा ऑक्टोबरात गडगडाट झाला तेव्हा. फायबरची लाइन आहे, मग वीज कुठून येते?
(वाचक, वाळपई)

फायबरच्या काचेतून येत नाही, ॲडॅप्टरच्या वायरीतून येते. आकाश वाजायला लागलं की राउटर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांचे प्लग बाहेर काढायचे. बटण बंद करणं पुरत नाही. आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंग मुळात नीट लागत नाही, मार्च-एप्रिलमध्ये माती सुकली की आणखी बिघडतं. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. तपासणाऱ्या वायरमनला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारं उपकरण, बसलाय का हेही बघायला सांगा. राउटर पुन्हा विकत मिळतो. ते उपकरण माणसासाठी आहे.

नवरा बोटीवर असतो, नऊ महिन्यांचं कंत्राट. लग्नाला सहा वर्षं, मुलगी चार वर्षांची. रोज व्हिडिओ कॉल होतो. "जेवलीस?" "जेवले. तू?" आणि मग दोघेही गप्प. शेवटी पैशावरून किंवा सासूबाईंवरून भांडण होतं. पूर्वीच्या बायका कशा राहत होत्या?
(तारवटीची बायको, शिवोली)

बाय, पूर्वीच्या बायका कशा राहत होत्या हे थोडंसं मी पाहिलंय.

१९८५च्या आगेमागे आखातात आणि बोटीवर असलेल्यांच्या घरून कॅसेटवर बोलून पाठवायचे. पत्र लिहायला न येणारी आईसुद्धा टेपसमोर बसायची. टेप बिघडली की ती माझ्याकडे यायची, आणि दुरुस्त झाली का बघताना नाइलाजाने दोन वाक्यं कानावर पडायची. लगेच बंद करायचो, पण जे कानावर पडलं ते विसरलो नाही. कुणी म्हणत होतं, कपिलेला पाडी झाली. कुणी म्हणत होतं, तुझ्या खोलीच्या कौलातून गळतं, खाली तांब्या ठेवलाय, ऐक. आणि पुढे खरंच तांब्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज होता. ती कॅसेट पोहोचायला तीन आठवडे लागायचे. रोज बोलता येत नव्हतं, म्हणून माणसं दिवसभर सांगण्यासारखं जमवत राहायची.

तुमचं नेमकं उलट झालंय असं मला वाटतं. रोज बोलायचंच असल्यामुळे जमवायला वेळच मिळत नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून बसणं हेसुद्धा दमवणारं काम आहे, आणि तो बारा तासांची पाळी करून आलेला असतो.

व्हिडिओ कॉल आठवड्यातून दोनच ठेव, वार ठरवून, आणि त्यात मुलगी असू दे. बाकीचे दिवस आवाजाचे निरोप पाठव, एक-दोन मिनिटांचे. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा पोंपों ऐकू आला की फोन खिडकीत धर. मुलगी शुभंकरोति म्हणते ते पाठव, चुका न सुधारता. बांगडे कितीला घेतले, कोणाच्या घरी बारसं झालं, माडावरून झावळ पडून कुंपण मोडलं ते सांग. आणि त्याला उत्तर मागू नकोस. समुद्रात सिग्नल कधी असतो, कधी दोन-दोन दिवस नसतो. निळ्या खुणा मोजत बसलीस तर तुझाच जीव कासावीस होईल. तो त्याच्या बंकवर आडवा पडून ते दोनदा ऐकेल.

पैसे आणि सासूबाई हे दोन विषय कॉलवर काढू नका. पैशाचं महिन्यातून एकदा लिहून पाठव, आकड्यांसह. लिहिलेल्या आकड्याला आवाज चढत नाही. सासूबाईंचं तो घरी आल्यावर, पहिला आठवडा सोडून. हे माझं मत आहे, माझ्या बायकोने वाचून दुजोरा दिलाय.

आणि त्यालाही सांग, त्यानेही पाठवावं. इंजिनाचा आवाज, डेकवरचा वारा, आज मेसमध्ये काय रांधलं. मुलीला तिचा बाप कुठे राहतो ते कानाने कळू दे.

नातू पावणेदोन वर्षांचा. मोबाइल दाखवल्याशिवाय घास घेत नाही. सून म्हणते सगळीच मुलं अशी.
(आजी, कुडचडे)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की या वयाच्या मुलाला स्क्रीन नकोच. दोन वर्षं पूर्ण झाल्यावरसुद्धा दिवसाला तासाभराच्या आतच. पण सुनेला हा आकडा तोंडावर फेकू नका. एक वेळचं जेवण तुमच्याकडे मागून घ्या. ताट घेऊन परसात जा, कावळा, मांजर, केळीचं बोंड दाखवा. पहिले चार दिवस तो अर्धपोटी उठेल, उठू दे.

आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी नाटक होतं. माझ्या दिवंगत भावाने लिहिलेली पाच नाटकं २००३-०४ मध्ये डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती. सीडी मिळाली, फाइली उघडतात, पण आत मराठी नाही. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ आहे. फाइली खराब झाल्या का?
(वाचक, डिचोली)

खराब झालेल्या नाहीत. भावाचा शब्द न शब्द तिथे आहे, फक्त त्यावरचा मुखवटा हरवलाय.

त्या काळी आपल्याकडच्या छपाईत जे फॉन्ट चालायचे, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, ते एक युक्ती करत. संगणकाच्या आत इंग्रजी अक्षराचीच जागा असायची आणि फॉन्ट तिच्यावर देवनागरी आकार काढून दाखवायचा. फॉन्ट आहे तोवर 'क' दिसतो. तो नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, जगातल्या कुठल्याही फोनवर तो 'क'च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला, पण डीटीपीची दुकानं पुढेही कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टवर राहिली. तुमची सीडी त्यांतली.

पहिलं काम, सीडीतलं सगळं आजच्या आज संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी उतरवा. आपल्या हवेत लिहिता येणारी सीडी वीस वर्षं टिकली हेच पुष्कळ. मग वर्डमध्ये तो गोंधळ निवडा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते कागदावर लिहून घ्या. सगळी किल्ली त्या नावात आहे. तोच फॉन्ट मिळवून बसवला की नाटक जसंच्या तसं दिसेल. त्याच क्षणी पीडीएफ करा आणि एक प्रत छापून घ्या. त्यानंतर त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून युनिकोडमध्ये आणा. नेटवर फुकट मिळतात. फाइल पेजमेकरची, म्हणजे पानं रचायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, असेल तर मात्र जुना संगणक ठेवलेला डीटीपीवाला शोधावा लागेल. म्हापशाला, पणजीला अजून आहेत.

परिवर्तक कुठे चुकतो तेही सांगून ठेवतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. म्हणून 'किती', 'कर्म' असे शब्द आधी तपासा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य हमखास मोडतो. नवीन टाइप करताना तो इन्स्क्रिप्ट कळफलकावर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असा काढायचा, की कुठेही मोडत नाही.

मुद्रितं दोघांनी मिळून तपासा, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवायचं. वाचायला गावातला जुना नट बसवलात तर फारच चांगलं. भावाने लिहिलेलं वाक्य कुठे थांबतं, कुठे चढतं, हे त्याच्या जिभेला माहीत असेल. शेजाऱ्यांनी फोनवर बोलून टाइप करायचा सल्ला दिल्याचं तुम्ही लिहिलंय. ते साध्या गद्याला चालतं, पण आपल्या नाटकांत विनोदी पात्र मराठीत बोलता बोलता कोकणीत शिरतं, आणि तिथे फोन भलतंच लिहून मोकळा होतो.

काका, माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. १९९१च्या धालोंत, म्हणजे गावच्या बायकांच्या नाच-गाण्यात, मामेभावाने टू-इन-वनवर एक तासाची कॅसेट भरली होती, त्यात आई गाते. घरात तिचा आवाज दुसरा कुठेच नाही. परवा कॅसेट सापडली, काचेतून बघितलं तर फितीवर पांढरी भुकटी. शेजारी टेप आहे, लावून बघू का?
(वाचक, पेडणे तालुका)

ताई, लावू नका. हे पत्र वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, त्याचं कारण सांगतो.

दुकान सुरू करून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा एक गृहस्थ वडिलांच्या कीर्तनाची अशीच कॅसेट घेऊन आले. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी न बघता ती यंत्रात घातली आणि बटण दाबलं. बुरशीने फितीचे वेढे एकमेकांना चिकटले होते. फीत ताणली गेली, मुरगळली, आणि वडिलांच्या अभंगाच्या ओळीच्या मध्यभागी तुटली. मी जोडली. पण ताणलेली फीत ताणलेलीच राहते. ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत, पैसे देऊन निघून गेले. त्या दिवसापासून दुसऱ्याची कॅसेट मी आधी उजेडात धरून पाहिल्याशिवाय कधी लावली नाही.

तर क्रमाने सांगतो. कॅसेटच्या वरच्या कडेला, फीत दिसते तिच्या विरुद्ध बाजूला, दोन टोकांना दोन लहान प्लास्टिकचे दात असतात. शाबूत असतील तर दोन्ही मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी त्यावर काही भरलं जाणार नाही. हे आज, पत्र वाचून झाल्यावर लगेच.

मग ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, दोन-तीन आठवडे. ओली बुरशी पुसायला गेलात तर माखते. सुकली की पावडर होऊन झडते. काम सोप्यावर उघड्या हवेत करा, तोंडाला मास्क बांधून, घरात कुणाला दमा असेल तर त्यांच्यापासून लांब. कवचाला पाच स्क्रू असतील. सपाट पांढऱ्या कापडावर उघडा आणि काहीही हलवण्याआधी फोनवर फोटो काढा, कारण फीत कुठल्या चाकावरून जाते ते नंतर आठवत नाही. मऊ ब्रशने चकत्यांच्या बाजूची भुकटी झाडा. पाणी नको, स्पिरिट नको, फितीला बोट नको. दोन्ही चकत्या तशाच उचलून चांगल्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवा. जुन्या कवचातली, फितीमागची फेल्टची छोटी गादी बहुतेक गळून पडलेली असते, नव्यात ती आपोआप मिळेल. नंतर पेन्सिल घालून पूर्ण फीत हाताने एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. कुठे चिकटतेय असं वाटलं तर तिथे थांबा, ओढू नका. साठ मिनिटांची कॅसेट आहे हे तुमचं नशीब, नव्वदची फीत याहून पातळ असते.

हे वाचून हात कापायला लागले तर मला पाठवा, मासिकाच्या कचेरीमार्फत. मी करून देईन, पैसे घेणार नाही. पण जमेल तुम्हाला.

शेजारच्या टेपवर आधी दुसरी कुठली तरी, नको असलेली कॅसेट लावून बघा. आतले रबरी पट्टे आपल्या उन्हाळ्यात सैल होतात, मग आवाज लडबडतो. हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिलने, कापसाच्या काडीने पुसा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तुमची कॅसेट वाजत असताना तो अगदी केसाएवढा इकडेतिकडे फिरवायचा आणि आवाज सगळ्यात लख्ख येईल तिथे सोडायचा. धालोंच्या कॅसेटीला मी बांगड्यांवर कान ठेवतो. बायका ओळीने मागे-पुढे होतात तेव्हा बांगड्या वाजतात. तो आवाज काचेसारखा आला की हेड बरोबर बसलं.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडा. नवीन लॅपटॉपला वेगळं इनपुट नसतं, त्यासाठी एक छोटा यूएसबी साउंड अडॅप्टर घ्या. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एका तासाला सहाशे-साडेसहाशे एमबी जागा लागेल, लागू दे. पट्टी लाल होणार नाही इतकाच आवाज ठेवा. ही मूळ फाइल कधीही 'साफ' करू नका. खरखर काढणारी बटणं आईचा श्वासही काढून टाकतात. साफसूफ करायची ती नकलेवर. तीन ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडे, एक भावाकडे दुसऱ्या गावात, एक गूगल ड्राइव्हवर. आणि मूळ कॅसेट फेकू नका.

शेजारच्या काकी, त्या वर्षी आईबरोबर मांडावर होत्या, अजून आहेत आणि ऐंशीच्या पुढे आहेत असं तुम्ही लिहिलंय. ध्वनिमुद्रण हाती आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे जा. कुठला आवाज कुणाचा, पहिली ओळ कोण धरतं, झिलेत कोण कोण आहे, हे आता त्याच सांगू शकतील, ते वहीत लिहून घ्या. एका फोनवर आईला लावा आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून तो काकींच्या जवळ ठेवा. ऐकता ऐकता त्या गायला लागतील.